गोठ्याचा उंबरठा



गेल्या पावसाळ्यात, पोळ्याला आठ-दहा दिवस उरले असताना, वाशीम जिल्ह्यातील माझ्या दवाखान्यात एक शेतकरी बाई आल्या. वय चाळिशीच्या आसपास. थंडी वाजून येणारा ताप, लघवीला जळजळ आणि उजव्या बाजूला कमरेच्या वर सतत दुखणे. चार महिन्यांतील ही त्यांची तिसरी खेप होती. पहिल्या वेळी त्यांनी दुकानातून गोळ्या आणून घेतल्या होत्या. दुसऱ्या वेळी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी लघवीची तपासणी न करवता सेफिक्झिमच्या पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यांना परतीची एस.टी. गाठायची होती आणि तपासणीचा खर्च वाचावा असेही मला वाटले. ही कारणे खरी आहेत, पण ती माझी चूक झाकत नाहीत. तिसऱ्या वेळी मात्र मी लघवीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातील जिवाणू वाढवून कोणते औषध त्यांच्यावर चालते हे पाहण्यासाठी, अकोल्याला पाठवला.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. जिवाणूचे नाव होते ई. कोलाय. त्याखाली प्रतिजैविकांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे हा जिवाणू त्या औषधाला दाद देतो आणि ‘आर’ म्हणजे देत नाही. ॲम्पिसिलिनपुढे आर. सेफिक्झिमपुढे आर. सेफ्ट्रिॲक्सोनपुढे आर. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, कोट्रायमोक्साझोल या सगळ्यांपुढे आर. माझ्या टेबलाच्या खणात ज्या गोळ्यांचे नमुने असतात, त्यांतील जवळजवळ प्रत्येक नावापुढे तेच अक्षर होते. दाद देणारी चार-पाच नावे खाली उरली होती. त्यांतील एक औषध मूत्राशयापुरतेच उपयोगी, मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेल्या संसर्गाला ते पुरत नाही. बाकीची बहुतेक इंजेक्शने. अखेर मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी करून त्यांना रोज एक याप्रमाणे ॲमिकासिनची इंजेक्शने सुरू केली आणि सुदैवाने ताप उतरला.

तीस वर्षांपूर्वी मी व्यवसाय सुरू केला, तेव्हा असा अहवाल क्वचित, दीर्घकाळ मोठ्या रुग्णालयात राहिलेल्या रुग्णाचा येत असे. या बाई तर आयुष्यात कधी रुग्णालयात भरती झालेल्या नव्हत्या. बाळंतपणेही घरीच झालेली. मग इतक्या औषधांना न जुमानणारा जिवाणू त्यांच्या शरीरात आला कुठून? हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घराशी निगडित आहे, म्हणून आज तो आपल्यापुढे मांडते आहे.

इंजेक्शन देताना रोज थोडे बोलणे होई. एके दिवशी मी सहज विचारले, “ताई, दिवसभर काम काय करता?” त्यांनी हिशेबच मांडला. पहाटे उठून कोठा झाडायचा (आमच्या वऱ्हाडात गोठ्याला कोठा म्हणतात), शेण उचलायचे, दोन संकरित गाई आणि एका म्हशीची धार काढायची, दूध डेअरीवर पोहोचवायचे, मग स्वयंपाक, मग सोयाबीनचे निंदण, संध्याकाळी पुन्हा धार. मी पुढे विचारले की जनावरे आजारी पडतात का. तेव्हा त्या म्हणाल्या, “गाईले दगडी झाली होती ना उन्हाळ्यात. सुई मारून गेले, दोन दिसात फरक पडला. मंग पुढच्या सुया कायले माराच्या?”

दगडी म्हणजे कासदाह. कासेचा एक भाग सुजतो, दगडासारखा घट्ट होतो, दुधात गाठी येतात. जिवाणूंच्या संसर्गामुळे होणारा हा आजार दुभत्या जनावरांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी एक, आणि गोठ्यात प्रतिजैविके शिरण्याची ही सर्वांत मोठी वाट. उपचारासाठी दिलेली औषधे अनेकदा माझ्या दवाखान्यातील औषधांच्याच घराण्यातली असतात: पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सेफ्ट्रिॲक्सोन, एन्रोफ्लॉक्सासिन. हे शेवटचे नाव आपल्याला अपरिचित वाटेल, पण ते सिप्रोफ्लॉक्सासिनचे सख्खे भावंड आहे. जनावराच्या शरीरात त्याच्या काही अंशाचे रूपांतर सिप्रोफ्लॉक्सासिनमध्येच होते.

मी मनोमन त्या अनामिक सुईवाल्याला दोष देत होते. तेवढ्यात त्या बाई सहज म्हणाल्या, “अन् वासराले हगवन लागली होती, तवा तुमच्याच गोया कामी आल्या. पोरासाठी देल्ल्या होत्या ना तुमी? पोरगं दोन दिसात बरं झालं. उरलेल्या गोया वासराले देल्ल्या. तेही बरं झालं.”

गोया म्हणजे गोळ्या. माझ्या हातातील सिरिंज क्षणभर थांबली. मी जुनी नोंद काढून पाहिली. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाला पाण्यासारखे जुलाब होत होते. रक्त नव्हते, मोठा ताप नव्हता. अशा जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे ओआरएस, आणि लहान मुलांना झिंक एवढे बहुतेक वेळा पुरते. हे मी महाविद्यालयात शिकले आहे आणि व्याख्यानांतून इतरांना सांगितलेही आहे. तरीही त्या दिवशी मी ऑफ्लॉक्सासिनच्या गोळ्या लिहिल्या होत्या. मुलगा बरा झाला तो बहुधा आपोआप. वासरूही आपोआप झाले असेल. मात्र त्या गोळ्यांनी मुलाच्या आणि वासराच्या आतड्यांत काय केले असेल, हे समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे आत डोकवावे लागेल.

ई. कोलाय हा काही जन्मजात शत्रू नव्हे. १८८५ साली थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या शौचात तो प्रथम पाहिला आणि पुढे त्याच्याच नावावरून त्याचे नामकरण झाले. आपल्या, गाईच्या, शेळीच्या, कुत्र्याच्या आतड्यात तो कोट्यवधींच्या संख्येने नांदतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. प्रश्न येतो तो त्याच्या दोन वेगवेगळ्या गुणांमुळे. त्यांची गल्लत होऊ नये, म्हणून मी त्यांना ढाल आणि तलवार म्हणते.

ढाल म्हणजे औषधरोध. प्रतिजैविक तोडणारे विकर तयार करणे, औषध पेशीबाहेर फेकणे, औषध जिथे बसते ती जागाच बदलून टाकणे अशा युक्त्यांनी जिवाणू स्वतःला वाचवतो. तलवार म्हणजे रोगकारक शक्ती. मूत्रमार्गाच्या अस्तराला घट्ट चिकटून राहण्यासाठी लागणारे सूक्ष्म तंतू किंवा आतड्याला आणि मूत्रपिंडाला इजा करणारी विषे, ही ती तलवार. ढाल असलेला प्रत्येक जिवाणू रोग करतोच असे नाही आणि रोग करणाऱ्या प्रत्येकापाशी ढाल असते असेही नाही. दोन्ही गुण एकाच जिवाणूत एकत्र आले, की माझ्यासारख्या डॉक्टरचे हात बांधले जातात.

तलवारीचे एक उदाहरण गोठ्याशी थेट जोडलेले आहे. १९८२ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या गोमांसातून रक्ती जुलाबाची साथ आली आणि ‘ओ १५७’ या प्रकारच्या ई. कोलायची जगाला ओळख झाली. तो ‘शिगा’ नावाचे विष तयार करतो. लहान मुलांत या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गाय मात्र हा जिवाणू आतड्यात बाळगून ठणठणीत राहते, कारण तिच्या रक्तवाहिन्यांवर या विषाला पकडायला जागाच नसते. म्हणजे जनावर निरोगी दिसते याचा अर्थ त्याचे शेण निर्धोक आहे असा होत नाही. मांसाखेरीज कच्च्या दुधातून आणि शेणाने दूषित झालेल्या पाण्यातून व भाज्यांतूनही हा जिवाणू पसरल्याची उदाहरणे आहेत. आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी: या प्रकारच्या जुलाबात प्रतिजैविक दिल्याने अपाय वाढण्याची भीती असते. जुलाबात रक्त दिसले, तर घरातील उरल्यासुरल्या गोळ्या किंवा जुलाब थांबवणारी औषधे घेऊ नयेत, डॉक्टरांकडे जावे. कोणत्या रक्ती जुलाबाला प्रतिजैविक हवे आणि कोणत्याला नको, हा निर्णय त्यांचा.

आता ढालीकडे वळू. ई. कोलायला अनुकूल परिस्थिती मिळाली, तर तो सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. प्रतिजैविक आले की ढाल नसलेले मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर ढालवाले पसरतात. औषध अर्धवट दिले, तर कमकुवत ढालवालेही तग धरतात. याहून विलक्षण बाब म्हणजे जिवाणू आपली ढाल दुसऱ्याला देऊ शकतात. ई. कोलायमध्ये अशी जनुकांची देवाणघेवाण होते, हे लेडरबर्ग आणि टेटम या शास्त्रज्ञांनी १९४६ साली दाखवून दिले. पुढे जपानमध्ये आढळले की अनेक औषधांना पुरून उरण्याची क्षमता अशा देवाणघेवाणीतून ई. कोलायकडून आमांश करणाऱ्या शिगेला जिवाणूकडे एका झटक्यात जाते. प्लाझ्मिड नावाच्या जनुकांच्या छोट्या वर्तुळावर चार-पाच ढाली एकत्र गुंफलेल्या असतात. म्हणून एका औषधाचा वापर झाला, तरी न वापरलेल्या औषधांविरुद्धचा रोधही सोबत वाढतो. कधी कधी त्याच वर्तुळावर तलवारीची जनुकेही असतात.

वासराच्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणू, शेण उचलणाऱ्या हाताबरोबर माणसाच्या आतड्यात येऊन, तिथल्या रोगकारक जिवाणूच्या हाती आपली ढाल देऊन जाऊ शकतो, आणि हाच प्रवास उलट्या दिशेनेही होतो. त्या बाईंच्या बाबतीत नेमकी कोणती वाट घडली, हे जनुकीय तपासणीशिवाय सिद्ध होत नाही आणि मी तसा दावाही करत नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्या, माझी सेफिक्झिम, मुलाची ऑफ्लॉक्सासिन, गाईच्या अर्ध्यावर सोडलेल्या सुया: यांपैकी प्रत्येकाने त्या अहवालातील एखादे अक्षर लिहिलेले असू शकते.

आपल्या भागातील घराची रचना आठवून पाहा. अंगणाच्या एका कडेला गोठा, दुसऱ्या कडेला चूल. मध्ये उकिरडा, त्याच्या पलीकडे हातपंप किंवा विहीर. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा बराचसा भाग जनावराच्या शेण-मूत्रातून जसाच्या तसा बाहेर पडतो. ते शेण उकिरड्यावर, तेथून शेतात, पावसात नाल्यात. शेणाचा हात, दुधाचा हात आणि पोळीचा हात अनेकदा एकच असतो. त्यातही पाऊस सुरू झाला, की माझ्याकडे जुलाबाचे रुग्ण वाढतात आणि गोठ्यातही त्याच सुमारास आजार वाढतात. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रातील पशुपालकांना हवालदिल केले, त्या वेळचे भय आपल्याला आठवत असेल. लम्पी हा विषाणूचा आजार. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, जखमांत जिवाणूंचा संसर्ग झाला तरच त्याचा उपयोग. परंतु घाबरलेला माणूस, मग तो आजारी मुलाचा बाप असो वा आजारी गाईचा धनी, मला काहीतरी जोरदार औषध द्या असेच म्हणतो. आणि देणारा देतो. मीही दिले आहे.

म्हणूनच सगळा दोष गोठ्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. माणसांमध्ये वाढलेल्या औषधरोधाचे मोठे कारण माणसांनी घेतलेली प्रतिजैविकेच आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले. या मृत्यूंमागे रुग्णालये आहेत, औषधांची दुकाने आहेत, माझ्यासारख्यांच्या चिठ्ठ्या आहेत आणि गोठे-कुक्कुटशाळाही आहेत.

गोठा आणि घर यांचा हा संबंध जगाने अनुभवातून ओळखला. जनावरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यात रोज थोडे प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत युरोपात रूढ होती. डेन्मार्कने १९९५ साली त्यांपैकी ॲव्होपार्सिनवर बंदी घातली आणि नंतर तेथील कोंबड्यांमध्ये त्या गटातील औषधांना न जुमानणारे जिवाणू कमी झालेले आढळले. २००६ च्या आरंभापासून युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके वापरणे पूर्णपणे थांबवले. पुढे २०१५ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी कोलिस्टिन या औषधाविरुद्धची, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारी ढाल डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्येही सापडल्याचे जाहीर केले. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागात, बाकी सारी औषधे हरल्यावर वापरायचे औषध. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत आणि त्यांच्या खाद्यात त्याच्या वापराला बंदी केली. वापर थांबवला की जिवाणूंवरील दबाव कमी होतो, हा या अनुभवांतील आशेचा भाग.

हे सारे वाचून आपल्या मनात पहिला प्रश्न दुधाचा येईल. चहाच्या कपाकडे संशयाने पाहू नका. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक होते. हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आतबाहेर आहे. शून्य नाही, पण घबराटीचेही नाही. दूध उकळल्याने त्यातील जिवाणू मरतात. औषधाचे अंश मात्र उकळून पूर्णपणे जात नाहीत. त्यांना अडवण्याची जागा गोठ्यातच आहे. जनावराला औषध दिल्यावर किती दिवस दूध विकू नये हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते, आणि तसे लिहिलेले नसेल, तर दुधासाठी किमान ७ दिवस थांबावे, असे आपल्याकडील औषध नियम सांगतात. सात दिवसांचे दूध ओतून देणे हे दोन गाईंवर घर चालवणाऱ्या बाईला किती जड जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून गाय आजारीच पडू नये, यासाठीचे उपाय मला अधिक मोलाचे वाटतात.

माझे आजोबा मला लहानपणी गोठ्यातच पितळी पेल्यात धारोष्ण दूध प्यायला देत. त्या फेसाळ दुधाची ऊब मला अजून आठवते. तरीही आज मी आपल्याला सांगेन की दूध उकळूनच प्यावे, मुलांना तर निश्चितच. पंचामृतासाठीही उकळून गार केलेले दूध वापरावे, त्याने पूजेत काही उणे येत नाही. धार काढण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. शेण उचलल्यावर केवळ पाण्याने हात खळबळणे पुरत नाही. गोठ्यातील चप्पल गोठ्यातच राहावी. रांगते मूल जिथे खेळते, तिथे शेणाचे हात आणि पाय पोहोचू नयेत. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो कच्चे खाण्यापूर्वी वाहत्या पाण्यात नीट धुवावेत. उकिरडा विहिरीपासून दूर असावा आणि ताजे शेण थेट भाजीच्या वाफ्यात घालण्याऐवजी चांगले कुजवून, त्यातील उष्णता एकदा उतरल्यावर वापरावे.

गोठ्याविषयीच्या गोष्टी मी आमच्या भागातील एका पशुवैद्यकाकडून शिकले. माझ्या टेबलावरील तो अहवाल घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. इतकी वर्षे आम्ही एकाच रस्त्यावर काम करत होतो. एकाच घरातील माणसे माझ्याकडे येत आणि जनावरे त्यांच्याकडे जात. पण कोण काय लिहून देतो, याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. त्यांनी सांगितले ते असे. वासराला जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत पोटभर चीक पाजावा. सगळा चीक खरवसाला काढला, तर वासराची प्रतिकारशक्ती आपण खाल्ली असे समजावे. हगवण लागलेल्या वासरालाही आधी क्षार-पाणीच हवे असते. धार काढण्यापूर्वी कास धुऊन कोरडी पुसावी. आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढावी. धार झाल्यावर पुढ्यात चारा टाकावा, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते आणि सडांची उघडी छिद्रे जमिनीला टेकण्यापूर्वी मिटतात. उपचार चालू असलेल्या गाईचे दूध वासराला पाजू नये. ते वाया जाऊ नये म्हणून आपण पाजतो आणि त्यातूनच वासराच्या आतड्यात औषधरोधाची पेरणी करतो. सुरू केलेला उपचार पशुवैद्यकाने सांगितल्याइतके दिवस करावा. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे. कासदाहाच्या सुरुवातीला कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप लावण्याची जुनी रीत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुन्हा प्रचारात आणली आहे. तो माझा प्रांत नव्हे, त्याचे प्रमाण आणि पद्धत पशुवैद्यकालाच विचारावी.

माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकच मानण्याच्या या दृष्टीला आता ‘वन हेल्थ’ म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात याच नावाच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली. पशुविज्ञानाचे विद्यापीठही नागपुरात आहे आणि त्याची पदव्युत्तर संस्था आमच्या शेजारी अकोल्यात. मोठ्या संस्था त्यांचे काम करतील. पण त्या बाईंच्या अंगणात गोठा आणि चूल यांच्यामध्ये जो उंबरठा आहे, तिथे रोज उभे राहणारे लोक म्हणजे आपण, मी आणि ते पशुवैद्यक.

त्यामुळे मी माझ्यापुरत्या काही गोष्टी बदलल्या आहेत. साध्या सर्दी-खोकल्याला आणि पाण्यासारख्या जुलाबाला प्रतिजैविक लिहीत नाही. रुग्ण नाराज होतात. काही दुसरीकडे जातातही. पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गात कल्चरचा नमुना आधी घेते. प्रतिजैविक लिहिलेच, तर नेमक्या तेवढ्याच दिवसांचे लिहिते. आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबाला एक प्रश्न विचारते: घरात कोणते जनावर आजारी आहे का, आणि त्याला काय दिले?

आपणही एक गोष्ट करावी. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हे २०१६ पासून सरकार सांगत आले आहे. मार्च २०१४ पासून तर अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवणे बंधनकारक आहे. घरातील डबा एकदा उघडून पाहा. लाल रेघेची उरलेली पाकिटे दिसली, तर ती पुढच्या आजारासाठी, शेजाऱ्यासाठी किंवा वासरासाठी राखून ठेवू नका. ती उकिरड्यावर किंवा नाल्यातही टाकू नका, डॉक्टरांकडे किंवा औषधविक्रेत्याकडे नेऊन त्यांची विल्हेवाट कशी लावायची हे विचारा.

त्या बाई बऱ्या झाल्या. नंतरच्या तपासणीत लघवीत जिवाणू आढळले नाहीत. त्यांच्या आतड्यात तो ढालवाला जिवाणू अजून असेल, कदाचित महिनोन्‌महिने राहील. आतड्यात तो आहे म्हणून औषध द्यायचे नसते. औषधांचा मारा थांबला, की हळूहळू इतर जिवाणू त्याची जागा घेण्याची शक्यता वाढते. आम्ही दोघी त्याची वाट पाहत आहोत.

पोळा झाल्यावर त्या पुरणपोळीचा डबा घेऊन आल्या. मी हसून विचारले, “ताई, कोठ्यातल्या कोनाड्यात काय काय आहे आता?” त्या म्हणाल्या, “पोयाच्या दिशी सारं साफ केलं, डाक्टरीनबाई. दोन बाटल्या निंघाल्या अर्ध्या, अन् तुमच्या गोयाचं एक पाकीट. जनावराच्या डाक्टरले दाखवलं सारं. आता निस्ती हयद अन् चुना ठेवला हाये.”

माझ्या गोळ्यांचे ते पाकीट त्यांनी पदराच्या गाठीतून काढून माझ्या टेबलावर ठेवले. चार गोळ्या उरल्या होत्या. पाकिटावरची लाल रेघ मात्र अजून स्पष्ट दिसत होती.